बॅटरीची गाडी आणि मोशीचा चढ

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि पेट्रोल पुन्हा महाग झालं होतं. त्या सुमारास आमच्या पिंपरीच्या कंपनीने बॅटरीवर चालणारी एक मालवाहू व्हॅन बनवली. मागच्या फळीखाली शिशाच्या जड बॅटऱ्यांच्या रांगा आणि इंजिनाच्या जागी एक मोटर. मी चाचणी विभागात नुकतीच लागले होते. विभागात बाई अशी मी एकटीच. साहेबांनी सांगितलेलं काम ऐकायला सोपं होतं. एकदा चार्ज केलेली गाडी माल भरून चाकणला न्यायची आणि परत आणायची.

"पण बैलगाडीसारखी नको," ते म्हणाले. "दुकानदाराला माल वेळेवर लागतो."

पहिल्या दिवशी गाडी आमच्या ड्रायव्हरमामांनी घेतली. मामा मराठवाड्यातले, जन्मभर ट्रक चालवलेले. फाटकाबाहेर पडताच त्यांनी पाय दाबला आणि हरखून म्हणाले, "काय पळायलीय बाई ही! आवाज न्हाई, धूर न्हाई!" मी शेजारी बसून करंटचा काटा बघत होते. मामांनी पाय दाबला की तो थेट लाल पट्ट्यात जायचा. परतीच्या वाटेवर इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीचा चढ लागला आणि पायथ्यालाच गाडीने मान टाकली.

लोक जमले. एका म्हाताऱ्याने पुढचं झाकण उघडायला लावलं. "हिचं इंजान कुठंय?"

"इंजिन नाही आजोबा, बॅटरी आहे. विजेवर चालते."

"विजंवर व्हय?" त्यांनी मान हलवली. "मंग आमच्या गावात उपाशीच मरंल की ही."

शेवटी एका ट्रॅक्टरने आम्हाला ओढून आणलं.

दुसऱ्या खेपेला मी स्टिअरिंगवर बसले. हळू चालवलं की वीज वाचणार, हे मला अगदी उघड वाटत होतं. सायकलवरचे दूधवाले मला मागे टाकून गेले. मागून एसटीने हॉर्न वाजवून वाजवून जीव नको केला. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाई, काचंची भांडी भरल्यावानी चालवायलाव तुमी."

काटा दिवसभरात क्वचितच लाल पट्ट्यात गेला. तरीही गाडी त्याच चढावर थांबली, पहिल्या वेळेपेक्षा जेमतेम थोडी वर. मी चक्रावले. मग वाचवलेली वीज गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी मामांना तोच प्रश्न विचारला. ते ट्रकच्या हिशेबाने बोलत होते, मी मोटरच्या. बोलता बोलता दोघांच्याही चुका बाहेर पडू लागल्या. मी उतारावर भीतीने ब्रेक दाबत होते. गाडीने कमावलेला वेग तिथेच फुकट जात होता आणि चढ जवळजवळ उभ्या गाडीने सुरू करावा लागत होता. मामा धावत चढाला भिडायचे खरे, पण सपाट रस्त्यावरही पाय दाबून बॅटरी आधीच दमवायचे.

"म्हंजी उताराला सोडायची," मामा म्हणाले.

"आणि सपाटीला पाय हलका," मी म्हटलं.

तिसऱ्या खेपेला पुन्हा मीच चालवत होते. चाकणहून परत निघालो तेव्हा बॅटरीत पूर्वीपेक्षा बरंच शिल्लक होतं. मी खुशीत होते. चिंबळी फाट्यावर एका नर्सबाईंनी हात केला. त्यांची एसटी चुकली होती आणि आतल्या वस्तीवर एक बाळंतीण अडली होती. रस्ता कच्चा, खडबडीत. असा रस्ता किती वीज खातो हे मला ठाऊक होतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी सरकून नर्सबाईंना जागा करून दिली.

"जरा जोरात घ्या हं," नर्सबाई म्हणाल्या.

मी पाय पूर्ण दाबला. काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच राहिला. इतके दिवस जपून जपून चालवलेली ती गाडी खड्ड्यांतून अशी उसळत निघाली की मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला. तिच्यात एवढी ताकद आहे हे मी स्वतः चालवताना तोवर पाहिलंच नव्हतं.

गरज पडली तर पिंपरीच्या दवाखान्यात न्यावं लागेल म्हणून नर्सबाईंनी आम्हाला थांबवून घेतलं. आम्ही घरासमोरच्या बाभळीखाली बसलो. मधेच उठून मी मीटर पाहिलं, तर व्होल्टेजचा काटा आपोआप थोडा वर आला होता. मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बैल बी सावलीत बसला की असाच ताजा हुतो." तेवढ्यात आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. आई सुखरूप होती.

निघालो. नदीकडच्या उतारावर मी ब्रेकला पाय लावला नाही. पूल वेगात ओलांडला, चढाला भिडलो आणि पाय हळूहळू दाबत गेले. वर पोचलो तेव्हा मामांनी डॅशबोर्डवर थाप मारली. पुढे भोसरीपासून गाडी इतकी मंदावली की कंपनीच्या फाटकातून आत येताना वॉचमन गप्पा मारत शेजारून चालत होता.

"वाट सोडून गेलात, म्हणजे चाचणी बाद," साहेब म्हणाले. आणि मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कच्च्या रस्त्यावर करंट किती खेचत होती?" दिवे लागेपर्यंत ते विचारत राहिले.

बॅटऱ्यांचं वजन काही कमी होईना, म्हणून पुढे ते काम कंपनीने बंद केलं. व्हॅन आवारातच कॅन्टीनची भांडी वाहू लागली. मला मात्र अजून एक गोष्ट उलगडलेली नाही. तो चढ आम्ही चढलो, त्यात आमच्या चालवण्याचा वाटा किती आणि बाभळीखालच्या विश्रांतीचा किती? तेव्हा वेगवेगळं मोजायला हवं होतं, पण बाळाचं रडणं ऐकल्यावर मीटरकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.