सामाईक विहीर आणि इंगळे सरांची वेबसाइट

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर आमचं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. मी आणि सलीमभाई, दोघंच. वेबसाइटी बनतात, बंद पडतात, पण गिऱ्हाइकांचे किस्से काही कुठं जात नाहीत. चहा आला की एखादा निघतोच.

वडनेर भोलजीचे श्रीकृष्णभाऊ रोपवाटिका चालवतात. त्यांनी विचारलं, शेअर्ड होस्टिंग म्हणजे काय? मी हुशारी केली. म्हटलं, सामाईक विहीर समजा. एकच सर्व्हर, त्याच्यावर शंभर जणांच्या वेबसाइटी. भाऊंना लगेच पटलं. महिन्याभरानं तोंड पाडून आले. एक ऑर्डर नाही. पाहतो तर वेबसाइट ठणठणीत! मग कळलं, भाऊंनी कार्डावर छापून घेतलं होतं: वेबसाइट फक्त सोमवारी व गुरुवारी पाहावी.

"काऊन हो भाऊ?"

"मंग? सामाईक विहिरीवर दुसऱ्याच्या पाळीत मोटर लावतेत का?"

चूक माझीच. पाळीचं मी बोललोच नव्हतो.

विहीर मी तिथंच सोडली. जळगाव जामोदच्या एका कापडवाल्या शेठजींना घराचं उदाहरण दिलं. शेअर्ड म्हणजे चार जणांत एक खोली, व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत आपला वेगळा फ्लॅट, डेडिकेटेड म्हणजे आख्खा बंगला. वेबसाइट होती चार साड्यांच्या फोटोंची. शेठ म्हणाले, बंगलाच पाहिजे, आपल्याले वाटणी जमत नाही. सलीमभाईनं घसा सुकेपर्यंत समजावलं. ऐकतील तर शेठ कसले!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. गादीजवळ जागा रिकामी केली, पाट मांडला, मशीन कधी पाठवता? मशीन तिकडं मुंबईकडं कुठंतरी असतं, मी सांगितलं. शेठ म्हणाले, मंग पूजा कायची करू? शेवटी सलीमभाई सर्व्हरचा फोटो छापून देऊन आला. अजून तो कात्री आणि कापड मोजायच्या गजाशेजारी आहे, हळदकुंकवासकट.

आता इंगळे सर. रिटायर मास्तर, आमच्या समाजातल्या पोरापोरींसाठी वधू-वर वेबसाइट चालवतात. समाजसेवेले पैसे कायले, म्हणून होस्टिंगही फुकटातलं घेतलं. फुकटात जाहिराती येतात हे मी सांगितलं होतं. पण प्रत्येक पोराच्या फोटोखाली टकलावर केस उगवायचं तेल येईल, हे मलाही माहीत नव्हतं. तीन बापांनी घरी येऊन सरांना सुनावलं. सर दुसऱ्याच दिवशी शेअर्डवर आले.

खरं सांगतो, त्या वेबसाइटचं काम माझ्या जिवावर यायचं. सरांची पोरगी सुजाता. तिची नोंद पहिल्याच पानावर. वेबसाइट अडली की तीच दुकानात यायची. मी तिला होस्टिंग समजावायचो आणि तिच्यासाठी नवरा शोधणारी वेबसाइट माझ्याच हातानं चालू करून द्यायचो. मला ती फार आवडायची, पण बोलायची हिंमत नव्हती. सलीमभाई म्हणायचा, "तू सर्व्हर सांभाळत बस बे, पोरगी दुसराच घेऊन जाईन."

परिचय मेळाव्याच्या दिवशी सगळे एकदम आले आणि वेबसाइट बंद पडली. दुसऱ्या दिवशी सर तावातावानं दुकानात. मागं सुजाता. सरांनी मला विचारलं, तूच सांग आता, व्हीपीएस घेतलं तं फरक पडीन का? सुजाताचं स्थळ यंदा जमवाचंच आहे.

सरांसमोर खोटं बोलवेना. म्हटलं, सर, किती का लोक येईनात, अडकणार नाही. व्हीपीएसच घ्या. सलीमभाईनं तोंड फिरवलं.

सरांनी फॉर्म पुढं ओढला, पेन काढला. सुजातानं फॉर्मवर हात ठेवला.

"बाबा, शेअर्डच राहू द्या," ती म्हणाली. "ते बंद पडलं की मले इथं याले भेटते."