बटणं लावलेला कोट

दोना ओंदिनाने आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे बसणं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जुलै संपेपर्यंत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, पितांगा किनाऱ्याच्या टोकावरच्या खडकावर ती बसते आणि पाण्याकडे बघते. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या आमच्या सांता कातारिना बेटावर या कामाला मान आहे. थंडी पडून दक्षिणेचा वारा सुटला की बोय मासा थव्याथव्याने किनाऱ्याच्या कडेने वर सरकतो, आणि वाळूवर उभ्या माणसाला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. वरून दिसतो तो एक तांबूस काळा डाग. ढगाची सावली पडावी तसा, फक्त ढग नसतो.

टेहळ्याने वरून कोट हलवला की होडी सुटते, थव्याला वळसा घालून रापणीचं लांबलचक जाळं टाकते, आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवर येतात. दोर ओढायला मग जो येईल तो येईल. जाळं वाळूला लागायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याला एक मासा. पाद्र्याने लावला तर पाद्र्याला, चोराने लावला तर चोराला. एका वर्षी दोघांनाही मिळाला होता आणि चोराचा मोठा होता. पाद्र्याने त्यावर कधी प्रवचन दिलं नाही.

ओंदिनाचा बाप याच खडकावर बसायचा. चौदा वर्षांची असताना ती त्याला कॉफी पोचवायला चढायची आणि उतरायला विसरायची. बाप गेला तेव्हा त्याचा काळा मेणकापडी कोट कुणी घ्यायचा यावरून तिचं भाऊ आदेमारशी भांडण झालं. कोट हिने घेतला. आदेमार डोंगरापलीकडच्या लाजेआदो किनाऱ्यावर टेहळ्या झाला, आणि बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. बाई टेहळ्या कशी, असं सुरुवातीला पुष्कळांनी विचारलं. पहिल्याच हंगामात तिने सहा हजार मासे दाखवले, तेव्हा ते प्रश्न विचारणारे तोंडात मासा असल्यामुळे गप्प झाले.

त्या जूनमध्ये तासियाना आली. वय बावीस, पाठीवर पिशवी, मुक्काम दोन दिवस. घर गोयास प्रांतात, जिथून समुद्र इतका लांब की तिथले लोक त्याच्याबद्दल नात्यातल्या श्रीमंत माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. सकाळी नऊ वाजता पिवळा पोहण्याचा पोशाख घालून ती धावत पाण्यात शिरली. हंगामात, टेहळणी चालू असताना! चाळीस माणसं एकदम ओरडली. तिला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. तिने हात हलवला.

वरून ओंदिनाचा आवाज आला. "ए पिवळे! बाहेर हो! मासे काय तुझ्या आजोळचे आहेत, तू नाचलीस तरी येतील म्हणून?"

मग तिला वर बोलावण्यात आलं. शिव्या खायला गेलेली मुलगी तीन तास खाली आली नाही. ओंदिनाने थर्मासातली कॉफी दिली, शेजारी बसवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"पाणी, मावशी."

"बरोबर. पहिली चार वर्षं पाणीच दिसतं."

दोन दिवसांचे बारा झाले. पोरीने पहाटे उठणं शिकून घेतलं, वाळूवर शीळ घालायची नाही हे शिकून घेतलं, माशाच्या रश्शात कसावाचं पीठ घोटताना हात थांबवायचा नाही हेही. एका गुरुवारी ओंदिनाचा कोट हलला आणि होडीचा म्हातारा तांडेल सेउ देका ओरडला, "ए पिवळे, बघत काय बसलीस? ओढ!" तिने ओढलं. तळहातांची साल निघाली. मासे वाळूवर आले, आणि वाटा घ्यायला ती रांगेत उभी राहिली तेव्हा वाल्मोर म्हणाला, "तुझं नाव यादीत नाही."

हा वाल्मोर परका नव्हे. याच गावचा, अठरा खोल्यांच्या पाहुणघराचा मालक. म्हाताऱ्या मालकाच्या मुलांनी जाळं आणि होडी विकायला काढली तेव्हा ती याने घेतली, नाहीतर दुसऱ्या कुणी घेतली असती. हे तो स्वतःच वरचेवर सांगतो. त्या वर्षी त्याने होडीच्या शाकारलेल्या शेडच्या दारावर अडतीस नावांची यादी ठोकली होती, वर प्लास्टिकचं आवरण घालून. वाटा फक्त त्यांनाच. "उद्या सगळे पर्यटक फोटो काढायला दोराला बोट लावतील आणि मासा मागतील," तो म्हणे. यात तथ्य नव्हतं असं नाही. आम्ही बऱ्याच जणांनी यादीत आपलं नाव आहे ना, एवढं बघितलं होतं आणि घरी गेलो होतो.

तासियाना म्हणाली, "राहू दे हो. मला मासा साफ करता पण येत नाही."

ओंदिना तेव्हा खडकावरून उतरून आली होती. "तुला नको असेल तर पुरून टाक," ती म्हणाली. "घेऊन काय करायचं ते तू बघ. द्यायचा की नाही, हे बघणारी तू कोण? आणि हा कोण?"

"दोना ओंदिना, एका माशासाठी तमाशा?" वाल्मोर हसला.

"एकासाठीच. दोन असते तर विचार केला असता."

वाल्मोरने मासा दिला नाही. ओंदिनाने आपला वाटा, टेहळ्याचा दुप्पट वाटा, वाळूवर तसाच ठेवला आणि ती घरी गेली. वर्षभराचं माशांचं खारवण ती त्याच वाट्यातून घालते, हे वाल्मोरसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी खडकावर चढली. एरवी ती कोट काढून मांडीवर घेऊन बसते, वेळ आली की हाताशी असावा म्हणून. त्या दिवशी तिने तो अंगात घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. खालून आम्ही सात मोजली.

दहाच्या सुमाराला तिने आवाज दिला. "आले गं बाई! आठ हजारांच्या खाली नाहीत. काय देखणे दिसतायत!"

होडीवाले वल्ह्यांवर गेले. सगळ्यांनी वर पाहिलं. कोट हलेना.

"ओंदिना!" सेउ देका ओरडला. "कुठल्या बाजूला?"

"आहेत एका बाजूला."

मग आमच्यातल्याच बायका ओरडायला लागल्या. "अगं ए, आमची पोरं काय खडक चाटतील?" "म्हातारी खुळावली!" "तुझ्या भांडणात आमचा मासा कशाला?" ओंदिनाने हात मांडीवर ठेवले. तिने उत्तर दिलं ते एवढंच: "यादी लागली तेव्हा हा घसा कुठे होता?"

वाल्मोर धापा टाकत खडकावर चढला. त्याच्यामागे तासियानाही गेली, कारण सगळं तिच्यावरून चाललं होतं आणि खाली तिच्याकडे कुणी प्रेमाने बघत नव्हतं.

"कुठे आहेत?" वाल्मोरने विचारलं.

"हे काय, समोरच."

त्याने डोळ्यांवर हात धरला. चष्मा पुसला. "मला तर पाणी दिसतंय."

"पहिली चार वर्षं पाणीच दिसतं," तासियाना म्हणाली. ओंदिनाने तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्या हंगामात तिने दिलेली ती एकच शाबासकी.

वाल्मोर सौद्यावर आला. "बरं बाई, देतो हिला मासा. दहा देतो!"

"दहा नकोत. एक. तोही भीक म्हणून नको, वाटा म्हणून. आणि यादी खाली."

"रापण होऊ दे, मग बोलू."

"रापण झाल्यावर ज्याच्याकडे मासे तो बोलतो, वाल्मोर. आत्ता माझ्याकडे आहेत."

खालून सेउ देकाने हाक मारली, "मालक, काय ते लवकर बोला!" वाल्मोरने मान वळवून खाली पाहिलं. त्याच्या पाहुणघरातले पाहुणे गच्चीवर उभे राहून बघत होते. माणूस एकटा असता तर कदाचित हो म्हणाला असता. पण अठरा खोल्या भरलेल्या होत्या.

"या किनाऱ्यावर जाळं माझं आहे," तो म्हणाला.

"घाल की मग. जाळं तुझं, समुद्र समोर. मी काय धरून ठेवलंय?"

तो तरातरा उतरला आणि त्याने होडी सोडायचा हुकूम दिला. सेउ देका वल्हं वाळूत रोवून उभा राहिला. "मी एकसष्ट हंगाम डोळ्यांवर चाललोय," तो म्हणाला. "डोळे वर आहेत. तुमचा हुकूम खाली आहे." कुणीच हललं नाही. वरून ओंदिना अधूनमधून माहिती देत होती, रेडिओवर हवामान सांगतात तशा आवाजात: आता शेडसमोर आहेत, आता ओढ्याच्या तोंडाशी, आता निघाले टोकाकडे.

आठ हजार बोय मासे आमच्या डोळ्यांदेखत गेले. म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत. आम्हाला पाणीच दिसलं.

अर्ध्या तासाने डोंगरापलीकडून शिंग वाजलं. लाजेआदोवर आदेमारने आपला निळा, छत्रीच्या कापडाचा कोट हलवला होता. पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो: अख्खं पितांगा डोंगरवाटेने पळालं. म्हाताऱ्या पळाल्या, कुत्री पळाली, मघाशी ओंदिनाला खुळी म्हणणाऱ्या बायका सगळ्यांच्या पुढे होत्या. लाजेआदोचे लोक आम्हाला बघून खूष झाले असं म्हणता येणार नाही. पण दोराला हात लागला होता. त्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाने प्रत्येकाच्या पायाशी एकेक मासा टाकला आणि कुणाचं नाव विचारलं नाही. तासियानाच्या पायाशीही टाकला, तिच्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे न बघता.

वाल्मोर दोर ओढणं चालू असतानाच गाडीने आला होता. स्वच्छ बुटांत वाळूच्या कडेला उभा राहिला.

"ओ वाल्मोर!" कुणीतरी ओरडलं. "लावा की हात! इथे यादी नाही!"

जाळं वाळूला लागायला अजून दोन हात बाकी होते. तो पुढे आला आणि त्याने दोराला दोन बोटं लावली. त्याच्याही पायाशी मासा पडला. गाबोळीने भरलेली मादी होती. रापणीत निवडून वाटत नाहीत.

ओंदिना आली नाही. टेहळणी सूर्य मावळेपर्यंत असते. तिच्या घरी त्या दिवशी मासा नव्हता. संध्याकाळी तासियाना आपला मासा घेऊन तिच्या दारात गेली.

"मावशी, हा तुम्ही घ्या."

"मी कुठे दोर ओढला? सुरी आण. शेपटीकडून खवले काढ. तो बघतोय तुझ्याकडे म्हणून काय झालं? मेलाय तो."

आदेमारने त्या रात्री दुसऱ्याच्या हाती निरोप पाठवला: "तिला सांगा, कोट तिलाच शोभतो." ओंदिना म्हणाली, "बावीस वर्षं लागली? पाणी बघत होता वाटतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना शेडच्या दारावर यादी नव्हती. वाल्मोर म्हणाला, वाऱ्याने गेली असेल. वारा नव्हता. ओंदिना वर जायच्या आधी दाराशी थांबली, तिने बोटाने चाचपलं आणि ती म्हणाली, "खिळा आहे अजून."

"खिळ्याने काय होतंय, बाई?"

"खिळा असला की कागद सापडतो." आणि ती बटणं लावलेल्या कोटासह वाळूवरच बसली.

वाल्मोर पक्कड घेऊन आला. खिळा लवकर निघेना. चांगला ठोकला होता. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो, होडीवाले, बायका, गच्चीवरचे पाहुणे. मदतीला कुणी गेलं नाही. शेवटी तो वाकडा होऊन निघाला तेव्हा ओंदिनाने हात पुढे केला, खिळा घेतला, खिशात टाकला आणि खडकाची वाट चढता चढता वरचं पहिलं बटण काढलं.