मैनाबाई आणि चवदार झालेलं पाणी

ज्या वर्षी बोंडअळीनं मारेगाव तालुक्यातला कापूस आतून पोखरला, त्या वर्षी मैनाबाईला वेचणीचं काम मिळालं नाही. बोंडंच फुटली नाहीत, तर वेचायचं काय? ग्रामपंचायतीच्या नव्या आरओ प्लान्टवर माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा तिनंच सगळ्यांत आधी हात वर केला. शिक्षण सातवी. पण मशीन बसवायला आलेल्या रवी मेकॅनिकला तिनं इतके प्रश्न विचारले, की तो दोनदा चहाच्या निमित्तानं बाहेर पळाला.

गावच्या बोअरला फ्लोराइडचं खारं पाणी. लेकरांच्या दातांवर पिवळे डाग पडायचे. मैनाबाई सकाळी सहाला प्लान्ट उघडायची, वाळूची टाकी धुवायची, प्रेशरचा काटा बघायची. मग पाण्यात मीटर बुडवून क्षाराचा आकडा खडूनं दारावर लिहायची. बोअरचं पाणी अकराशे, मशीनचं ऐंशी. मशीनमधून दोन नळ्या निघत. एकीतलं चांगलं पाणी टाकीत जाई. दुसरीतून सगळा खार घेऊन उरलेलं पाणी मागच्या नालीत.

गावाला मात्र ते ऐंशीचं पाणी पटत नव्हतं. निवृत्त मास्तर वामनराव सगळ्यांच्या वतीनं बोलत.

"मैनाबाई, या पान्याले चवच नाही. पेल्यासारखं वाटतच नाही."

"गुरुजी, त्यातला खार काढला नं."

"मंग थोडासा राहू देत जा."

दिवाळीनंतर रवी आला. खार अडवणारा आतला पडदा त्यानं बदलला, नळ्या पुन्हा जोडल्या. मीटर बंद पडलं होतं, ते दुरुस्तीला सोबत घेतलं आणि वणीची एसटी गाठायला धावला.

दुसऱ्या दिवशी चमत्कारच झाला. एरवी दुपारी दोनला भरणारी टाकी अकरालाच भरली. वामनरावांनी तिथंच पेला भरून घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले.

"आता जमलं," ते म्हणाले. "याले म्हणतात पानी."

मैनाबाईनं रवीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आपला हात लागला का फरक पडतेच."

चौथ्या दिवशी शेजारची नलू तक्रार घेऊन आली. प्लान्टच्या मागे नालीचं पाणी फुकट वाहून जायचं, त्यावर ती घरचे कपडे धुवायची.

"मैनाबाई, तुमच्या नालीच्या पान्याले काय झालं वं? जरासा साबण लावला का फेसच फेस. खंगाळू खंगाळू हात दुखून राह्यले माहे."

 मैनाबाईनं दोन बादल्या घेतल्या, एकीत टाकीचं पाणी, दुसरीत नालीच्या नळीचं. दोन्हींत साबण घासला. नालीच्या पाण्याला दुधासारखा फेस आला. टाकीच्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात होतं तसं, फेसाऐवजी नुसता पांढरा चोथा तरंगला. मग ती मशीनमागे वाकली आणि एकेक नळी बोटानं धरत गेली. रवीनं दोन्ही नळ्या अदलाबदल करून जोडल्या होत्या.

 तीन दिवस गाव बोअरपेक्षाही खारं पाणी पीत होतं, आणि ते वाटून देत होती ती स्वतः. गपचूप नळ्या बदलल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण तिनं मशीन बंद केलं, टाकी रिकामी केली, पाना घेऊन नळ्या जागच्या जागी बसवल्या आणि कॅन घेऊन आलेल्यांना आत बोलावून दोन्ही बादल्या दाखवल्या.

वामनरावांनी दोन्ही बादल्यांत बोट बुडवून पाहिलं.

"म्हणजे आमी तीन दिवस नालीचं पानी पेलो?"

"नालीत जायच्या आंधीचं, गुरुजी."

"आन आमच्या वाट्याचं?"

"त्यात नलूचे कपडे धुतले."

"मस्त निघाले पन," नलू मागून म्हणाली.

लोक हसले. मैनाबाईला हसू आलं नाही. "चूक मशीनची नाही," ती म्हणाली. "मीटर नोहतं, तं मी मशीन चालवाले नोको होतं."  वामनरावांनी कॅन पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "त्या चवीचं काही करता येते का?"

मैनाबाईचा फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी रवी मीटर घेऊन पळतच आला. आकडा अठ्ठ्याहत्तर आला. त्यानं नळ्या ओढून पाहिल्या.

"ताई, कोन्या मेकॅनिकनं जोडल्या ह्या?"

"मीच."

त्याचे कान लाल झाले. पण माणूस मनाचा चांगला. पुढच्याच महिन्यात बाभुळगावकडच्या एका गावातलं मशीन अडलं आणि त्याला जायला सवड नव्हती, तेव्हा त्यानं मैनाबाईचं नाव सांगितलं. ती पिशवीत पाना टाकून एसटीनं गेली. तिथले सरपंच तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "मेकॅनिक कुठं राह्यला, बाई?"

"मशीन कुठं हाय ते दाखवा," मैनाबाई म्हणाली आणि पदर खोचला.