गुरुवारचा बॅकअप

बॅकअप घेणाऱ्या माणसाकडे डेटा टिकेल न टिकेल, किस्से मात्र साठत जातात. माझे सगळे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातले, दोन हजार आठ-नऊचे. कॉम्प्युटर मी सांभाळायचो. नवा सर्व्हर आणून त्या एकाच्याच पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे न दिसणारे चार कॉम्प्युटर, एकेका खात्याला एक, बसवली होती. बॅकअप सुरू झाला की चारातलं एक तरी आडवं व्हायचंच!

*

आमचे शेठ उल्हासनगर कॅम्प तीनचे, कापडाच्या दुकानात वाढलेले. माल हातात घेऊन बघितल्याशिवाय विश्वास नाही. पहिल्या क्रॅशनंतर त्यांनी सर्व्हरभोवती चक्कर मारली, मागून वाकून पाहिलं आणि विचारलं, "भोईर, जो दिखताच नाही, तो बंद कसा पडला रे?"

मी अर्धा तास समजावलं. ठीक आहे, म्हणाले, पण पुढच्या वेळी दिसणारं घे.

*

सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने बॅकअप रविवारी लावला होता, कामाचा लोड नको म्हणून. सलग तीन रविवार स्टोअर्सचं मशीन कोसळलं. शेवटी त्याने फोनवर वैतागून विचारलं, "रविवारी तुमच्याकडे काम कोण करतं?"

"सगळे," मी म्हणालो.

आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

*

मग शुक्रवार ठरला. सुट्टी मोडून बदलापूरहून आलो, खुर्चीत बसलो आणि लाइट गेली. वॉचमन म्हणाला, साहेब, शुक्रवारी लाइट जातेच, म्हणून तर सुट्टी असते. अकरा वर्षं तिथे नोकरी करून मला हे माहीत नव्हतं, कारण सुट्टीच्या दिवशी मी कधी आलोच नव्हतो.

*

अखेर गुरुवारची जेवणाची सुट्टी धरली. दोन गुरुवार स्टोअर्सचं मशीन पुन्हा पडलं आणि तिथल्या गायकवाड बाईंची सकाळभराची एन्ट्री दोन्ही वेळा उडाली. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "अजून एकदा पडला ना, तर सर्व्हर बाहेर. त्याच्याबरोबर तू पण."

मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

दोन दिवस डोकेफोड केल्यावर कारण सापडलं. बॅकअप चालू असताना सर्व्हरला थोडी मोकळी जागा लागते, आणि आमची डिस्क काठोकाठ भरलेली. क्रॅशच्या भीतीने प्रत्येकाने आपापल्या फाइलींच्या कॉप्या त्याच सर्व्हरवर ठेवल्या होत्या. गायकवाड बाईंच्या तर सहा!

माझं टाळकं सटकलं. सगळ्यांना शेठच्या केबिनमध्ये गोळा केलं आणि दहा मिनिटं झाडलं. बाईंना तर नाव घेऊन झाडलं.

शेठ म्हणाले, "सबसे मोठी कोणाची आहे, ते दाखव."

मी साइझप्रमाणे यादी लावली. बाईंच्या सहाही कॉप्या पार तळाला गेल्या. सगळ्यात वर एकच फोल्डर आलं, अर्धी डिस्क व्यापलेलं.

गायकवाड बाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश वाचलं, "भोईर. सेफ्टीसाठी. डिलीट करू नये."