ओसरीवरचं ताट

चौथीच शिकले, अक्षर वाकडं आहे, समजून घ्यावं. आज मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ताट घासताना आठवलं. त्यांच्या मेंदूतल्या गाठीत हैदराबादच्या डॉक्टरांनी किरणं सोडणारं औषध घातलं होतं. उपाय नवीन होता, गुण येईल का हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. निघताना नर्स म्हणाली, "काही दिवस यांच्याजवळ बसू नका." धरलेला हात मी दचकून सोडला. घरी मालक ओसरीवर बसले, मी ताट लांबून सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, "याले काऊन बाहेर बसवलं वो? ते तं बायायचं असते." मालक मला म्हणाले, "तू दर मयन्याले असीच बसतं ना?" एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. कापूस फुटायच्या आत मालक गेले. आज त्याच ताटात सून जेवली, पाळी असूनही माझ्याजवळ बसून.