साडूभाऊंचा चालू तपास

माझ्या थोरल्या साडूंइतका हेकट माणूस उभ्या पनवेल तालुक्यात दुसरा नाही, आणि मी फक्त तालुका म्हणतोय तो निव्वळ नात्याची भीड म्हणून. खांदा कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून हा माणूस सध्या जगभर बेपत्ता झालेली माणसं शोधत असतो. निवृत्तीनंतर वडिलांचा वेळ जावा म्हणून त्यांच्या मुलीने टॅबवर एक रहस्याचा खेळ घालून दिला. त्यात कुणीतरी काल्पनिक माणूस हरवतो, त्याचं अर्धं फाटलेलं तिकीट, एखाद्या भिंतीचा फोटो असले धागेदोरे मिळतात आणि आपण नकाशात शिरून, खऱ्याखुऱ्या रस्त्यांच्या फोटोंतून बोटाने चालत चालत त्याला हुडकायचं. बाकीचं जग हा खेळ लोळत खेळतं. आमचे साडू इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, भांग पाडून बसतात. "परगावी जायचं ते काय बनियनवर जायचं, साडूभाऊ?" असं त्यांनी मलाच खडसावलं होतं.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईने स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली की बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं, "आत्ता नको, पोर्तुगालात चढावर आहे." ताईही काही कमी नाही. "मग तिकडेच एखादी खानावळ बघा," म्हणते आणि आपलं ताट वाढून घेते. एकदा कुठल्याशा गावातली गल्ली संपली ती थेट चर्चच्या दाराशी. साडूंनी पायातल्या सपाता काढून सोफ्याखाली सरकवल्या आणि मगच बोट पुढे टाकलं. मी हसलो तेव्हा त्यांनी माझ्याही चपलांकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने त्या काढल्या.

तपासाची त्यांची पद्धतही त्यांची स्वतःची. खेळ सांगतो तिकीट बघा. हे तिकिटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी त्या गावचा बसस्टँड शोधायचा, मग स्टँडजवळचं चहाचं दुकान. "घरातून निघालेला माणूस पहिला चहाला थांबतो," हा त्यांचा सिद्धांत. नॉर्वेत मैलोन्मैल चहाची टपरी सापडेना, तेव्हा ते अख्ख्या नॉर्वेवर इतके संतापले, की आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. शिवाय या फोटोंमध्ये रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे पुसून टाकलेले असतात. त्याचं यांना काहीच वाटत नाही. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात? माणूस चालीवरून ओळखायचा असतो," म्हणत ते खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या वाटसरूंकडे चष्मा वर करकरून पाहत राहतात.

गंमत म्हणजे या पद्धतीने त्यांना माणसं सापडतातही. पण कधीकधी खेळाच्या कथेत शेवटी पाण्याच्या काठावर एक कोट मिळतो, माणूस बुडाला असं जाहीर होतं आणि पडद्यावर बटण येतं: शोध बंद करा. ते दाबलं की तारे मिळतात. साडूंनी ते बटण आजवर दाबलेलं नाही. "कोट मिळाला, माणूस कुठं मिळाला?" असं टॅबलाच विचारून ते पुढच्या किनाऱ्यावरून चालू लागतात. त्यामुळे गुणांच्या यादीत ते कायम तळाला. मुलीने समजावलं, जावयाने समजावलं. मी तर एकदा ते आत पाणी प्यायला गेले असताना गुपचूप बटण दाबायला गेलो, तेव्हा ताईने माझा हात धरला. "ते नका करू," ती एवढंच म्हणाली, पण थट्टेत म्हणाली नाही.

साडू मूळचे पनवेलजवळच्या नेरे गावचे. त्यांचा थोरला भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी "उरणला जाऊन येतो" म्हणून निघाला तो आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. जासईच्या नाक्यावर कुणीतरी त्याला कंटेनरच्या ट्रेलरमध्ये चढताना पाहिलं म्हणतात. आता ट्रेलर जातो बंदरात आणि बंदरातून जहाजं कुठे जातात ते नकाशाच जाणे. साडूंनी पोलीस केले, पेपरात फोटो दिले, नवस केले. शेवटी हा खेळ हाती लागला.

बारा वर्षं माणूस परतला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं मानायचं, अशी रीत आहे. ती बारा वर्षं कधीच उलटली. नेऱ्याचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते हा विधी करा म्हणून साडूंच्या मागे लागले होते. अण्णांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं आणि हा विधी राहिल्यामुळेच ते अडलंय, असं भटजींनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. अग्नी द्यायचा तर सख्ख्या भावानेच. साडूंचं मन वळवायचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण मी गोड बोलतो असा एक गैरसमज आहे.

मी गोड बोललो. साडू चिलीच्या एका बंदरात होते. त्यांनी टॅब खाली ठेवला. रागावले की त्यांची शहरी भाषा गळून पडते आणि नेरं बोलू लागतं. "नाय म्हंजे नाय. उद्या दादा दारात येऊन उभा रायला तर काय सांगू त्याला? बस दादा, तुला जाळून झालाय, आता चाय घेतोस का?" मला हसू आलं, पण माझं गोड बोलणं तिथेच संपलं. मी अण्णांना फोन करून सांगितलं, विधी होणार नाही, आणि पुन्हा मला मध्ये घालू नका.

त्या वर्षी सर्वपित्रीला आम्हाला नेऱ्याला जेवायला बोलावलं होतं. अण्णांनी गच्चीवर वाडवडिलांची पानं कावळ्यांसाठी मांडली होती आणि टोकाला एक जास्तीचं पान होतं. साडूंनी ते पाहिलं. "ह्यो पान कोनाचा?" अण्णा कावळ्यांना हाका मारू लागले. साडूंनी वाकून ते पान दोन्ही हातांनी उचललं. पितरांसाठी ठेवलेलं पान पुन्हा घरात आणायचं म्हणजे केवढा अपशकुन! बायका "अहो, अहो" करत राहिल्या. "हिथं जेवतात ती गेलेली मानसं," साडू म्हणाले. "दादा खाली जेवंल."

खाली पंगतीत, आपल्या आणि माझ्या मधोमध, त्यांनी ते पान ठेवलं. अण्णा दारात उभे, चेहरा लालबुंद. आता हे पान भिरकावून देतील असं मला वाटलं. मुलीचे बापच ते, त्यांचंही काय चुकत होतं? ते पानापाशी आले, वाकून त्यात काय काय वाढलंय ते पाहिलं आणि आपल्या बायकोवर खेकसले, "अगो, ती भोपल्याची भाजी उचल. त्याला नाय चालत ती. वडे वाढ दोन."

वडे वाढले गेले. साडू खाली मान घालून जेवत होते. जेवता जेवता मी जरा भिंतीकडे सरकून बसलो. मागाहून येणाऱ्याला मांडी घालायला जागा नको का?