आंब्याच्या पेटीतली मेथी

आमची गॅलरी चार फूट रुंद, अकरा फूट लांब. तोंड पूर्वेला. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे आठवडाभर खडूने खुणा करत होतो. सकाळी सातला ऊन कुठवर येतं, नऊला कुठे असतं, साडेदहाला कुठून निघून जातं, ते फरशीवर आखून ठेवलं. बायको कपडे वाळत घालायला आली, खुणांकडे बघून म्हणाली, "लंगडी खेळणार आहात का?"

काहीतरी लावावं म्हणतोय, असं मी म्हटलं. ती आत निघून गेली.

आधी ऊन मोजावं आणि मग रोप ठरवावं, हे शहाणपण मला पन्नाशी उलटल्यावर सुचलं. एवढ्याशा उन्हात टोमॅटो रुसतात. गुलाबाची बडदास्त जावयासारखी ठेवावी लागते. मला असं काही हवं होतं, जे चार दिवसांत वर येईल, महिन्याच्या आत ताटात पडेल आणि सहसा फसणार नाही. या वेळी फसून चालणारच नव्हतं. म्हणून मेथी. मंडईतून आंब्याची रिकामी लाकडी पेटी आणली. तळाला फटी होत्याच, पाणी साचायची भीती नाही. गोणपाट अंथरून माती आणि शेणखत भरलं. बी आणायलाही जावं लागलं नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे भिजत घातले.

सकाळी वाटी तिच्यापुढे धरली. "तू पेर."

"तुम्हीच पेरा. माझ्या हातचं झाड जगत नाही."

हे वाक्य ती सतरा वर्षं सगळ्यांना सांगत आली आहे. तिची थोरली बहीण येरवड्याला तळमजल्यावर राहते, घरापुढे थोडी मोकळी जागा आहे. ताई दर वर्षी कढीपत्त्याचं रोप देऊ करतात, ही दर वर्षी नको म्हणते. शेजारीण गावाला जाताना झाडांना पाणी घालायला सांगून गेली, तर हिने त्या कामावर मला पाठवलं. मला!

वाक्य मुळात तिचं नाही. माझं आहे.

सतरा वर्षांपूर्वी तिच्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती तीन आठवडे माहेरी होती. याच गॅलरीत तिचा मोगरा होता, अबोली होती आणि गवती चहा. जाताना तिने मला हे एकच काम सांगितलं होतं. चार-पाच दिवस मी पाणी घातलं, मग विसरलो. कामात होतो असंही नाही. ऑफिसातून यायचो, पेपर घेऊन बसायचो, गॅलरीचं दार उघडायचोच नाही. मे महिना होता. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी दार उघडलं, तर तिन्ही झाडांच्या काड्या झालेल्या. गवती चहासुद्धा, जो मारायला खरं तर कष्ट पडतात. घाबरून मी कुंड्यांत दोन बादल्या पाणी ओतलं.

ती आली, ती खांद्यावरच्या पिशवीसकट गॅलरीत गेली. मातीत बोट घालून पाहिलं. माती ओली.

"पाणी घालत होतात ना?"

"रोज."

ती बोट मातीतच ठेवून काड्यांकडे बघत राहिली. ते सोसेना म्हणून मी वर म्हणालो, "तुझ्या हातचं झाडच जगत नाही, त्याला कोण काय करणार?"

मी स्वयंपाकाला नाव ठेवलं असतं तर तिने चार शब्द ऐकवले असते. या वाक्यावर ती कधी भांडली नाही. कुंड्या तेवढ्या वॉचमनला देऊन टाकल्या.

आता वाटी हातात तशीच धरून मी तिला सगळं सांगितलं. विसरलेले दिवस, बादल्या, सगळं. ती पेटीकडे बघत ऐकत होती.

"सतरा वर्षं," ती म्हणाली. मग पेटीतलं एक ढेकूळ फोडत, "आणि गवती चहासुद्धा?"

"तोसुद्धा."

दिवसभर ती कामापुरतंच बोलली. वाटीतल्या दाण्यांना मोड यायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन आणून माझ्यापुढे ठेवला. "ताईला सांगा. मला सांगितलंत तसंच. दर वर्षी तिला नाही म्हणत आलेय मी."

हे बायकोला सांगण्यापेक्षा जड गेलं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, रविवारी दोघं या, पण रोप मी तिच्या हातात देईन, तुमच्या नाही.

फोन ठेवून गॅलरीत आलो, तर ती पेटीशी उकिडवी बसून मुठीने दाणे टाकत होती. फार दाट टाकत होती. तिने वरून बोटांनी माती सारखी केली. मी तांब्या उचलला.

"तो खाली ठेवा," ती म्हणाली. "पाणी मी घालीन."

तिसऱ्या दिवशी मातीला बारीक भेगा गेल्या. तिने मला हाक मारली नाही. चहा घेऊन मी गॅलरीत गेलो, तेव्हा ती एकटीच पेटी सातच्या खुणेवरून नऊच्या खुणेकडे ओढत होती. पेटी जड होती. मी कप कठड्यावर ठेवला आणि दुसरी बाजू धरली. तिने धरू दिली.